मधोमध खणलेला खड्डा

गोल्फच्या मैदानातला वाळूचा खड्डा, म्हणजे बंकर, मुळात कोणी मुद्दाम खणलेला नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आणि शेतं यांच्यामध्ये वाळूची, खुरट्या गवताची उंचसखल पट्टी असते. तिथे पीक येत नाही, म्हणून ती मेंढरांना, सशांना आणि खेळाडूंना मोकळी राहिली. सशांनी बिळं पोखरली, वाऱ्याला चुकवायला मेंढ्या उताराच्या आडोशाला बसू लागल्या, गवत झिजलं आणि उघडी पडलेली वाळू वाऱ्याने उडवून नेली, अशी या खड्ड्यांची जन्मकथा सांगतात. सशांपुरता तर कागदोपत्री पुरावाच आहे. तिथल्या सेंट अँड्रूज गावच्या १५५२ सालच्या सनदेत तिथे ससे पाळण्याची परवानगी आणि गावकऱ्यांचा गोल्फ खेळण्याचा हक्क, दोन्ही एकत्र नोंदलेले आहेत.

एकोणिसाव्या शतकात खेळ किनारा सोडून आत सरकला. तिथे आयते खळगे कुठून असणार? मग टॉम डनसारख्या आखणीकारांनी मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवे चर खणले. चेंडू पलीकडे उडवा, नाहीतर वाळूत जा. यात सरस खेळाडूला काहीच अडचण नव्हती. सजा भोगायचा तो दुबळा. ही आखणी मला तरी आळशीपणाची वाटते.

तिला छेद गेला लंडनजवळच्या वोकिंगमध्ये, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. स्टुअर्ट पेटन आणि जॉन लो या तिथल्या गोल्फ क्लबच्याच मंडळींनी चौथ्या होलवर, जिथे उत्तम फटका पडायचा नेमक्या त्याच जागी, फेअरवेच्या, म्हणजे खेळायच्या मुख्य पट्टीच्या, मधोमध बंकर खणला. नमुना होता सेंट अँड्रूजच्या सोळाव्या होलचा. त्या काळी दोन्हीकडे उजव्या अंगाला रेल्वेमार्ग होता. बंकर आणि रूळ यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत चेंडू टाकण्याची हिंमत केली, तर पुढे ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची हिरवळ, मोकळी मिळायची. डावीकडून जाणं निर्धोक, पण पुढचा फटका अवघड.

सभासद खवळले. सरळ, लांब मारणाऱ्याला शिक्षा? टॉम सिम्पसन हा वकील तो खड्डा पाहायला गेला; त्याला त्यातली खुबी अशी पटली, की तो पुढे स्वतःच नामांकित आखणीकार झाला.

खड्डा नेमका कुठे आहे हे महत्त्वाचं, ही दृष्टी मुरल्यावर खड्ड्यांची संख्या गौण ठरली. अॅलिस्टर मॅकेन्झी आणि बॉबी जोन्स यांनी आखलेलं ऑगस्टाचं मैदान १९३३ साली सुरू झालं, तेव्हा तिथे जेमतेम बावीस बंकर होते. सेंट अँड्रूजच्या जुन्या मैदानावर ते शंभराहून अधिक आहेत. २००० साली टायगर वूड्सने तिथे ओपन स्पर्धा जिंकली, ती चार दिवसांत, ७२ होलांमध्ये, एकदाही वाळूत न जाता.