चौदा दिवसांची कुळकथा

तिहार तुरुंगातून ते पत्र स्पीडपोस्टाने निघालं होतं. पत्ता काश्मीरचा, नाव अफझल गुरूच्या पत्नीचं. मजकूर दोन-तीन ओळींचा : राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला आहे, ९ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी आठ वाजता फाशी देण्याचं ठरलं आहे. खाली सरकारी पत्रांत असते तीच ओळ, आपल्या माहितीसाठी व पुढील आवश्यक कार्यवाहीसाठी. पत्र घरी पोचलं ११ तारखेला. तोवर फाशी होऊन, तुरुंगाच्या आवारात दफन होऊन दोन दिवस उलटले होते. आता घरच्यांनी कार्यवाही ती कसली करायची?

संसदेवरच्या हल्ल्यातल्या दोषीच्या बायको-मुलाची कणव येणारी माणसं तेव्हा फारशी नव्हती. पण हे पत्र वर्तमानपत्रांत छापून आलं आणि त्यातला कोरडेपणा फाशीचं समर्थन करणाऱ्यांनाही खटकला. जेमतेम तीन महिन्यांपूर्वी, २१ नोव्हेंबर २०१२ ला, येरवड्यात मुंबईवरच्या हल्ल्यातल्या कसाबची फाशीही अशीच गुपचूप उरकली होती.

हा गुपचूपपणा स्वतंत्र भारताने शोधून काढलेला नव्हे. १९३१ साली लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू यांच्या फाशीसाठी २४ मार्च ही तारीख मुक्रर होती. प्रत्यक्षात २३ च्या संध्याकाळीच फाशी दिली गेली. देह घरच्यांच्या हवाली न करता सतलजच्या काठी नेऊन परस्पर जाळले. त्या राज्यकर्त्यांना जमाव जमण्याची धास्ती होती. ते गेले, धास्ती मात्र कारभारात मुरली ती मुरलीच.

कायद्याच्या कागदावर घरच्यांना जागाच नव्हती. २०२४ पर्यंत लागू असलेल्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतला नमुना क्रमांक ४२ म्हणजे फाशीचं वॉरंट. ते तुरुंगाधिकाऱ्याला उद्देशून असे : अमुक कैद्याला अमुक वेळी, अमुक ठिकाणी, मरेपर्यंत फासावर लटकवावं आणि तसा शेरा मारून वॉरंट न्यायालयाकडे परत पाठवावं. आई, बायको, मुलं यांचा त्यात उल्लेख नव्हता. भेटीगाठींचा विषय त्या त्या राज्याच्या तुरुंग नियमावलीकडे. काही नियमावल्यांत शेवटच्या भेटीची तरतूद होती, बऱ्याच नियमावल्यांत नव्हती.

हे बदललं २१ जानेवारी २०१४ ला. शत्रुघ्न चौहान खटल्यात सरन्यायाधीश पी. सदाशिवम यांच्या पीठाने मुख्यतः दयेच्या अर्जांवरच्या दिरंगाईमुळे १५ कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. बातमी झाली ती त्या १५ जणांची. निकालाच्या शेवटी जोडलेल्या सूचनांकडे कमी लोकांचं लक्ष गेलं. दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला आणि घरच्यांना लेखी कळवायचं. ते कळल्यापासून फाशीपर्यंत किमान १४ दिवस जाऊ द्यायचे. शेवटची भेट घडवून आणणं हे तुरुंगाचं काम. फाशीनंतर शवविच्छेदन सक्तीचं.

१४ दिवस कशाला, याची न्यायालयाने दिलेली कारणं चक्क व्यवहारातली आहेत. कैद्याला मनाची तयारी करता यावी, देवाचं नाव घेता यावं, मृत्युपत्र करता यावं, कोर्टाचं दार पुन्हा ठोठावायचं असेल तर ठोठावता यावं. आणि तुरुंग घरापासून दूर असेल तर नातेवाइकांना प्रवासाची सोय करता यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात गाडीघोड्याचा असा विचार क्वचितच आढळतो. मात्र तिकिटाचे पैसे कोणी द्यायचे, याबद्दल त्या सूचनांत काही नाही. आणि खरी अडचण तिथेच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ३८५ पैकी ३७३ फाशीच्या कैद्यांच्या मुलाखती घेऊन २०१६ मध्ये अहवाल काढला. त्यात चारांतले जवळजवळ तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे निघाले.

नव्या रिवाजाची परीक्षा महाराष्ट्रातच झाली. ३० जुलै २०१५ ला नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनला फाशी दिली गेली. दयेचा दुसरा अर्ज आदल्या रात्री फेटाळला गेला. आता पुन्हा १४ दिवस द्या, असं वकिलांचं म्हणणं होतं. पहाटे तीननंतर सर्वोच्च न्यायालयाचं दालन उघडून ते ऐकलं गेलं आणि अमान्यही झालं. पहिला अर्ज फेटाळल्याचं कैद्याला केव्हाच ठाऊक होतं. पण अफझल गुरूच्या वेळी जे झालं नाही ते इथे झालं. भाऊ नागपुरात होता. मृतदेह त्याच्या ताब्यात दिला, मिरवणूक काढायची नाही या अटीवर. मृतदेह विमानाने मुंबईला आला आणि त्याच दिवशी मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात दफन झाला. बॉम्बस्फोटांत आपली माणसं गमावलेल्या शहराने हे सारं पाहिलं. कुणाला त्यात माणुसकी दिसली, कुणाला भलते लाड.

ज्यांचं माणूस मारलं गेलं त्यांच्या बाजूने पाहिलं तर हेच दिवस वैऱ्याचे होतात. दिल्लीच्या निर्भया खटल्यात २०२० साली फाशीची तारीख २२ जानेवारीची १ फेब्रुवारी झाली, मग ३ मार्च, अखेर २० मार्च. दर वेळी मुलीचे आईवडील कोर्टातून हात हलवत परतले. त्या जानेवारीतच केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, १४ दिवसांचे सात करा. आईवडिलांचा संताप अनाठायी म्हणवत नाही. पण बराचसा वेळ एकेका दोषीने आळीपाळीने केलेल्या अर्जांत गेला होता. घरच्यांच्या भेटीचे दिवस कापून तो कितीसा वाचला असता?

पुढे आकडा हलला तो उलट्या दिशेने, आणि कारण ठरला पुण्यातला खटला. २००७ मधल्या बलात्कार आणि खुनाबद्दल येरवड्यात असलेल्या दोघांची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने दिरंगाईच्या कारणावरून २०१९ मध्ये रद्द केली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं, दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्यात स्वतंत्र कक्ष नेमायला सांगितला आणि वॉरंट कैद्याच्या हाती पडल्यापासून फाशीपर्यंत पूर्ण १५ दिवस ठेवायचं ठरवून दिलं.