फळ मेक्सिकोचे, रीत घरची: पीठ पेरलेल्या ढोबळी मिरचीची कुळकथा

पीठ पेरलेली ढोबळी मिरची ही आज महाराष्ट्रातल्या घराघरांतली रोजची भाजी आहे. तिला वाटण लागत नाही, खोबरे भाजावे लागत नाही, आदल्या रात्री काही भिजत घालावे लागत नाही. सकाळी पोळ्या होईपर्यंत दुसऱ्या शेगडीवर ती तयार होते आणि डब्यातून तेल-पाणी गळत नाही. तिचा सराव इतका जुना वाटतो, की ती पणजीच्या पणजीपासून चालत आली असावी असे कोणालाही वाटेल. खरे तर तिच्यातली मिरची आणि तिच्यातली रीत यांची कुळे अगदी वेगळी आहेत. पीठ पेरण्याची रीत आपली, जुनी. मिरची मात्र समुद्र ओलांडून आलेली, आणि आपल्या मंडईत बारमाही दिसू लागली ती तर अलीकडेच.

मिरचीचे मूळ घर मेक्सिको. तिथल्या शेतकऱ्यांनी काही हजार वर्षांपूर्वी रानातली इवलीशी, तिखटजाळ फळे लागवडीखाली आणली. त्यांतूनच आपली लवंगी मिरची आली, बेडगी आली आणि ढोबळीही आली. शास्त्राच्या लेखी या तिन्ही एकाच जातीच्या, कॅप्सिकम ॲन्युअमच्या. फरक आहे तो तिखटाचा. मिरचीचा तिखटपणा बियांत नसतो. बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, तो गाभा कॅप्सेसिन नावाचे द्रव्य तयार करतो. ढोबळी मिरचीत हे द्रव्य घडवणाऱ्या जनुकाचा एक तुकडाच गळालेला आहे. २००५ साली संशोधकांनी हे जनुक ओळखले. विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली तिखट मोजण्याची जी रीत घालून दिली, तिच्यात ढोबळी मिरचीची नोंद शून्य अशी होते.

जनुकांच्या भाषेत तिखटपणा प्रभावी असतो. बिनतिखट झाडाच्या फुलावर तिखट झाडाचा पराग पडला, तर त्या बियांपासून आलेली पुढची पिढी पुन्हा तिखट निघते. म्हणजे बिनतिखट मिरची टिकवायची तर कोणीतरी चाखून, निवडून, बी वेगळे राखून ती जपावी लागते. ढोबळी मिरचीच्या मागे अशा कित्येक पिढ्यांचे, नाव न राहिलेल्या माणसांचे श्रम आहेत. त्यांनी तिखट काढून टाकले म्हणूनच मिरची मसाल्याच्या डब्यातून बाहेर पडून भाजीच्या टोपलीत आली.

कोलंबस १४९२ साली कॅरिबियन बेटांवर उतरला तो काळी मिरी शोधत. तिथले लोक मिरचीशिवाय जेवत नाहीत, हे त्याने १४९३च्या जानेवारीत आपल्या रोजनिशीत टिपून ठेवले. ढोबळ्या, घंटेच्या आकाराच्या मिरचीचा इंग्रजीतला जुना उल्लेख लायोनेल वेफर या शल्यवैद्याचा. चाच्यांच्या टोळीबरोबर हिंडताना जखमी होऊन तो पनामाच्या संयोगभूमीत तिथल्या मूळ रहिवाशांमध्ये राहिला होता. १६९९ साली लंडनमध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात तिथे दोन प्रकारच्या मिरच्या मिळतात असे त्याने लिहिले: एक घंटेसारखी आणि एक पाखरांची.

युरोपात मिरची सर्वांत खोल रुजली ती हंगेरीत. तिथे ती पोहोचली तुर्कांच्या राज्यात. भाज्या पोखरून त्यांत सारण भरण्याची तुर्कांची रीत आधीपासूनच होती. पोकळ मिरची हाती येताच तीही भरली गेली, आणि भरलेली मिरची बाल्कनपासून हंगेरीपर्यंत घरोघरच्या जेवणात बसली. याच हंगेरीतल्या सेगेद शहरात अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे शास्त्रज्ञ क जीवनसत्त्वाच्या मागावर होते. ते पुरेशा प्रमाणात वेगळे काढण्यासाठी योग्य वनस्पती त्यांना मिळत नव्हती. एका रात्री पत्नीने जेवायला मिरची वाढली; ती खावीशी वाटेना, म्हणून ती उचलून ते प्रयोगशाळेत गेले, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. त्या मिरचीत क जीवनसत्त्वाचा साठाच निघाला. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या मोजमापानुसार १०० ग्रॅम कच्च्या हिरव्या ढोबळी मिरचीत सुमारे ८० मिलिग्रॅम, तर पिकून लाल झालेल्या मिरचीत सुमारे १२५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. हिरवी आणि लाल या दोन वेगळ्या भाज्या नाहीत. वेलीवरचा टोमॅटो पिकतो तशी हीही झाडावर आणखी काही आठवडे राहिली की रंग धरते.

भारतात तिखट मिरची आली पोर्तुगिजांबरोबर, गोव्याच्या किनाऱ्याने. त्याआधी आपल्या जेवणाला तिखटपणा देत ती मिरी, पिंपळी आणि आले. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात खाद्यपदार्थांचे सविस्तर वर्णन आहे, पण त्यात मिरची कुठेच नाही, कारण ती तेव्हा इकडे नव्हतीच. तिखट मिरचीने मात्र एकदा पाय ठेवल्यावर सारा देश व्यापला. ढोबळीला ते जमले नाही, कारण तिला हवा मानवत नव्हती. दिवसाचे तापमान ३२ अंशांच्या वर गेले की तिची फुले गळतात, फळ धरत नाही. हिमाचलच्या डोंगरांत मात्र ती उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात छान येते. तिथूनच ती मैदानी प्रदेशातल्या बाजारांत उतरत असे आणि सिमल्याचे नाव तिला चिकटले. आपण तिच्या आकारावरून तिला ढोबळी किंवा भोपळी म्हटले.

ती आपल्या शेतात आली बियाण्याच्या वाटेने. अमेरिकेत १९२८ साली बाजारात आलेले ‘कॅलिफोर्निया वंडर’ हे जाड सालीचे, चार कप्प्यांचे वाण भारतातही बरीच वर्षे लावले गेले. १९७३ साली बंगळुरूच्या इंडो-अमेरिकन हायब्रिड सीड्सने ‘भारत’ नावाचे संकरित वाण आणले. पुढे ‘इंद्रा’सारखी वाणे आली. २००५-०६ पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून शेडनेट आणि पॉलिहाऊसला अनुदान मिळू लागले, तशी पुणे, नाशिक, नगर या भागांतल्या शेतकऱ्यांनी सावलीतली मिरची हाती घेतली. लाल ‘बॉम्बी’ आणि पिवळी ‘ओरोबेल’ ही नावे त्यांच्या तोंडी रुळली.

मिरची मंडईत आली, पण तिचे करायचे काय, हे काही बियाण्याच्या पाकिटावर लिहिलेले नव्हते. ते ठरवले घरातल्या बायकांनी. त्यांनी तिच्यासाठी नवी पाककृती शोधली नाही. हाताशी असलेल्या रीतींतली योग्य रीत निवडली. मेथी, शेपू, कांद्याची पात, मुळ्याचा पाला या भाज्यांना चिरल्या-परतल्यावर पाणी सुटते. ते पाणी वाया घालवायचे नाही आणि भाजीही पुरवठ्याला आली पाहिजे, म्हणून वरून डाळीचे पीठ पेरायचे, ही रीत आपल्याकडे होतीच. ढोबळी मिरचीत ९० टक्क्यांहून जास्त पाणी. ती या रीतीत चपखल बसली.

कढईत तेल नेहमीपेक्षा पळीभर जास्त घ्यावे लागते, कारण पीठ तेल पिते. मोहरी, जिरे, हिंग, हळदीची फोडणी झाली की मिरचीच्या फोडी टाकायच्या. त्या क्षणी घरभर जो वास सुटतो, तो पायरॅझिन वर्गातल्या एका द्रव्याचा. १९६९ साली शास्त्रज्ञांनी ते ओळखले. एक लाख कोटी भाग पाण्यात त्याचे दोन भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळते. मिरची पिकत जाते तसे हे द्रव्य कमी होते. म्हणूनच पीठ पेरायला हिरवीच मिरची हवी. लाल-पिवळीची भाजी गोडसर लागते आणि तिला तो वास येत नाही. फोडींवर मीठ घालून झाकण ठेवले की तळाशी पाणी जमते. मिरची अर्धवट शिजलेली, अजून कचकचीत असतानाच, कोरडे भाजून घेतलेले डाळीचे पीठ चिमटीने सगळीकडे पेरायचे. एकदम ओतले तर गोळे होतात. मग लगेच ढवळायचे नाही. पुन्हा झाकण, मंद आच, एक दणदणीत वाफ. सुटलेले पाणी पीठ शोषून घेते आणि त्या वाफेवरच शिजते. झाकण काढून उलथण्याने तळापासून वर घ्यायचे, आणखी थोडे परतायचे. पीठ मोकळे होऊन फोडींना बिलगले आणि कढईच्या कडेला खरपुडी धरू लागली, की भाजी झाली. पाव किलो मिरचीला चार-पाच मोठे चमचे पीठ पुरते. पाणी वरून घातले तर तिचे पिठले होते, आणि पीठ कच्चे राहिले तर ती घशाशी बसते.

भरल्या मिरचीचेही तसेच. वांग्यात भरायचे सारण तयारच होते: दाण्याचे कूट, सुके खोबरे, तीळ, गोडा मसाला, चिंच, गूळ. वांग्याला चिरा द्याव्या लागतात. मिरची आतून पोकळच, देठाकडची टोपी काढून बियांचा गड्डा काढला की झाले. भरायला चार कप्प्यांची मिरची घ्यावी, ती कढईत नीट उभी राहते. तीन कप्प्यांची नर आणि चारांची मादी असा एक समज फिरतो, पण तो चुकीचा आहे. मिरचीच्या एकाच फुलात दोन्ही अंगे असतात. कप्प्यांची संख्या वाणावर आणि वाढीवर ठरते. सणाच्या पानातल्या पंचामृतातही हिरव्या मिरचीच्या जागी ढोबळी घातली जाऊ लागली, आणि मुंबईच्या पावभाजीचे तर तिच्यावाचून चालत नाही. परदेशातल्या मराठी घरांनाही ती जवळची, कारण गवार-तोंडली शोधावी लागतात, ही मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते.

एखादा पदार्थ आपला आहे की नाही, हे त्यातली भाजी कुठली यावरून ठरत नाही. ती शिजवली कशी जाते यावरून ठरते. या कसोटीवर पीठ पेरलेली ढोबळी मिरची शंभर टक्के मराठी आहे. पण ही भाजी हॉटेलच्या पानावर फारशी सापडत नाही. ती घरातच शिकली आणि शिकवली जाते. म्हणून घरातली मुले-मुली पहिल्यांदा शेगडीपाशी उभी राहतील, तेव्हा त्यांना हीच भाजी शिकवा. पाणी कधी सुटते, पीठ कधी पेरायचे आणि हात कधी आवरायचा, हे कळले की बाकीच्या डझनभर भाज्या त्यांना आपोआप येतील.