डॉल्फिनचा मेडिकल रिपोर्ट

आजची गोष्ट सुरू होते २० एप्रिल २०१० ला. मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहिरीच्या रिगवर स्फोट झाला. ११ कामगार गेले आणि पुढचे ८७ दिवस समुद्रात तेल वाहत राहिलं.

पाण्यावरचा तवंग कधीतरी दिसेनासा होतो. मग समुद्र बरा झाला का, हे विचारायचं कुणाला? शास्त्रज्ञांनी विचारलं डॉल्फिनला. कारण साधं आहे. किनाऱ्याजवळचे बरेच डॉल्फिन वर्षानुवर्षं एकाच खाडीत राहतात, तिथलेच मासे खातात आणि श्वास घ्यायला पृष्ठभागावर येतात. म्हणजे नेमकं तेल तरंगतं तिथेच!

ऑगस्ट २०११ मध्ये लुइझियानाच्या बाराटारिया खाडीत ३२ डॉल्फिन अलगद पकडून तपासले गेले. रक्त घेतलं, फुप्फुसांची सोनोग्राफी केली. जवळपास निम्म्यांची तब्येत चिंताजनक होती. १७ टक्के तर जगतील असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. ताण आला की शरीराला सावरणारी हार्मोन्सही कमी भरली.

पण थांबा. हे डॉल्फिन आधीपासूनच आजारी नसतील कशावरून? बीपी कंपनीचं म्हणणंही असंच होतं की, तेलाशी संबंध सिद्ध झालेला नाही.

इथे कामी आली फ्लोरिडातली सारासोटा खाडी. तिथे १९७० पासून डॉल्फिनचा अभ्यास चालू आहे. ब्लेअर अर्विन यांच्यासोबत तेव्हा रँडल वेल्स नावाचा एक शाळकरी मुलगा मदतीला होता, पुढे तोच या कामाचा प्रमुख झाला. पाठीवरच्या पराच्या खाचांवरून एकेक डॉल्फिन ओळखायचा, त्याच्या पिढ्यांची नोंद ठेवायची, एवढंच काम. कुठलीही तेलगळती डोळ्यांसमोर नसताना!

सारासोटापर्यंत ते तेल पोचलं नव्हतं, त्यामुळे तुलना करता आली. बाराटारियात फुप्फुसांचा गंभीर आजार असण्याची शक्यता पाचपट निघाली. तिथल्या गाभण माद्यांपैकी फक्त २० टक्क्यांची पिल्लं जगली. सारासोटात हे प्रमाण ८३ टक्के होतं.

२०१६ मध्ये कोर्टाने सुमारे २०.८ अब्ज डॉलरच्या समझोत्याला मंजुरी दिली. त्याआधी झालेल्या नुकसानीच्या मोजदादीत डॉल्फिनही होते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले सिस्टीम बिघडली की आधी जुने लॉग उघडतो. लॉगच नसतील, तर 'पूर्वी सगळं नीट चालत होतं' याला पुरावा काय? समुद्राचंही तेच आहे. सारासोटाच्या मंडळींनी चाळीस वर्षं लॉग लिहून ठेवला, म्हणून बाराटारियाच्या डॉल्फिनची बाजू मांडता आली.