तेल न मागणारे लाकडी घड्याळ

इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात ब्रॉकल्सबी पार्क येथे, तबेल्यावरील मनोऱ्यात, १७२२ च्या सुमारास टोल्यांचे एक घड्याळ बसवण्यात आले. ते बनवणारा जॉन हॅरिसन (१६९३-१७७६) हा सुताराचा मुलगा. घड्याळाची चक्रे ओकच्या लाकडाची आहेत. १८८४ मध्ये डागडुजीसाठी ते थोडा काळ थांबवावे लागले. मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीसही ते चालू होते. लाकडाचे यंत्र इतके कसे टिकले?

लाकूड दमट हवेत फुगते. पण तंतूंच्या दिशेने फारच कमी आणि तंतूंना आडवे बरेच अधिक. शिवाय तंतूंना आडवा कापलेला दाता सहज तुटतो. एकाच फळीतून दंतचक्र कापले, तर काही दाते मजबूत आणि काही कमकुवत निघणार. हॅरिसनने दात्यांचे लहान लहान गट वेगळे कापले आणि चक्राच्या कडेच्या खोबणीत असे बसवले, की प्रत्येक दात्यातील तंतू केंद्राकडून बाहेर जातील.

दुसरा प्रश्न घर्षणाचा. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात हे आपण पाहतो. घड्याळांतही त्या काळी प्राणिज वा वनस्पतिजन्य तेल घालत. ते काही दिवसांनी घट्ट होई आणि घड्याळ मागे पडे. हॅरिसनने चांगल्या तेलाचा शोध घेतला नाही. तेलाची गरजच काढून टाकली. आस जेथे टेकतात तेथे त्याने लिग्नम व्हायटी हे अतिशय कठीण आणि अंगचेच तेल असलेले लाकूड वापरले. गंज टाळण्यासाठी लोखंडाऐवजी पितळ घेतले. लंबकाला झोका देणारी यंत्रणाही त्याने बदलली. तिचे भाग एकमेकांवर घासत नाहीत. नाकतोड्याच्या पायांप्रमाणे टेकतात आणि उचलले जातात. पुढे १७३५ मध्ये पुरे झालेल्या त्याच्या पहिल्या सागरी घड्याळातही ओकची चक्रे होती.

म्हणूनच अशा घड्याळाची दुरुस्ती जोखमीची ठरते. सद्हेतूने घातलेला तेलाचा थेंब येथे धूळच धरून ठेवील, आणि तंतूंची दिशा न पाहता बसवलेला नवा दाता लवकर मोडेल. दुरुस्ती करणाऱ्याला आधी हॅरिसनचा विचार समजून घ्यावा लागतो.

वर्गात एकाच फळीच्या दोन पातळ पट्ट्या कापाव्यात, एक तंतूंच्या दिशेने, दुसरी आडवी. दोन्ही वाकवून पाहाव्यात. कोणती आधी मोडते, हे पाहिल्यावर सुताराच्या हातातले विज्ञान विद्यार्थ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.