ओरडणारा पट्टा

सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत दोन आवाज ठरलेले. एक मागांचा खटखटाट, तो आता बराच विरळ झालाय. दुसरा आमच्या पद्मिनीचा. चावी फिरवली की इंजिन लागायचं आणि पाठोपाठ बॉनेटखालून अशी काही किंचाळी यायची की समोरच्या भिंतीवरचं मांजर उडी टाकून पळायचं. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "अहो, तिला आता मोकळं करा." काकूंचं सोडा, पण धाकटा भाऊसुद्धा तेच म्हणायला लागला होता.

गाडी १९८६ची, वडिलांनी घेतलेली. तेव्हा गौरीपाड्यात आमचे आठ माग होते. पुढे माग किलोच्या भावाने भंगारात गेले, मग वडील गेले, गाडी तेवढी राहिली. अशा जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. ती फी २०२२च्या एप्रिलमध्ये सहाशेवरून पाच हजार झाली, आणि २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी दहा हजार. यंदा आमची पाळी. भाऊ म्हणाला, "दहा हजार भरून किंचाळी ऐकायची? आवाज थांबला तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

आता हा आवाज म्हणजे काय, ते सांगतो. पद्मिनीच्या इंजिनासमोर एकच पट्टा असतो. क्रँकची पुली त्याला ओढते, आणि तो वरचा पंखा, त्याच दांड्यावरचा पाण्याचा पंप आणि बाजूचा डायनामो किंवा अल्टरनेटर, असं सगळं फिरवतो. पट्टा पुलीवर घट्ट बसून फिरला तर आवाज नाही. तो घसरला की क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो... हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की किंचाळी. व्हायोलिनच्या गजाचंही तसंच असतं, फक्त तिथे आपण तिकीट काढून ऐकायला जातो. सकाळी ती जास्त, कारण स्टार्टरने बॅटरी रिकामी केलेली असते आणि ती भरायला अल्टरनेटरला जोर लागतो. आवाजाचं एक वेळ चालेल, पण घसरणारा पट्टा पाण्याचा पंपही नीट फिरवत नाही. एकदा काशेळीच्या पुलाजवळच्या गर्दीत काटा लाल रेघेकडे सरकताना बघितला, तेव्हा माझा घसा कोरडा पडला होता.

एका वर्षात तीन पट्टे बदलले. दर वेळी आठ-पंधरा दिवस शांतता आणि मग पुन्हा तेच. एका मेकॅनिकने पट्टा इतका ताणला की बेअरिंग घुमायला लागलं. दुसऱ्याने चालत्या पट्ट्याला साबण लावला. दोन दिवस गाडी सुगंधी झाली, बाकी काही नाही.

शेवटी मी वडिलांच्या जुन्या जॉबरकडे गेलो. (गिरणीत आणि लूमवाल्यांत माग दुरुस्त करणाऱ्या माणसाला जॉबर म्हणतात, नोकरी शोधणाऱ्याला नाही.) चाचा आता ऐंशीच्या घरात आहेत, निजामपुऱ्यात राहतात. म्हटलं, आयुष्यभर ज्यांनी पट्टे बसवले त्यांनाच विचारावं.

चाचांनी लहानपणी जो पट्टा बघितला तो वेगळा होता. भिवंडीत यंत्रमाग आले ते मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले, दुसऱ्या हाताचे. गिरणीची पद्धतही त्यांच्यासोबत आली : छताखालून एक लांबलचक दांडा फिरतोय आणि त्यावरून चामड्याचे सपाट पट्टे खाली एकेका मागावर उतरलेत. सपाट पट्टा घसरला की त्याला राळ लावायची. राळेने तो चिकटायचा. १९१५पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली, आणि पुढे हळूहळू मागाला स्वतःची मोटर आली. भिवंडीतही दांडा गेला. प्रत्येक मागाला छोटी मोटर आणि त्रिकोणी काठाचा व्ही-बेल्ट आला. १९८२च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि मुंबईचं काम आणखी इकडे वळलं, तेव्हा चाचांना रात्री झोप नसायची.

चाचांची पक्की समजूत होती की मोटारवाल्यांनी हा पट्टा लूमवाल्यांकडून उचलला. मलाही तसंच वाटायचं. भिवंडीच्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट लूमवरून निघाली असंच वाटतं! प्रत्यक्षात झालं उलट. १९१७मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी रबर आणि विणलेले धागे वापरून हा व्ही-बेल्ट केला तो मोटारगाडीच्या पंख्यासाठी. कारखान्यांच्या यंत्रांसाठी असे अनेक पट्टे शेजारीशेजारी लावायची पद्धत १९२५च्या सुमारास अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीतल्या वॉल्टर गाइस्ट यांनी आणली. म्हणजे आमच्या मागावरचा पट्टा हा मोटारीकडून आलेला. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "असेल. पण त्यात धागा आहे ना? मग आपलाच."

या पट्ट्याची सगळी करामत त्याच्या कडांत आहे. त्याच्या दोन बाजूंमध्ये साधारण ४० अंशांचा कोन असतो, आणि तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो. तेवढ्याच ताणात सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट पकड मिळते. म्हणूनच तो खाचेच्या तळाला टेकता कामा नये. तळाला टेकला की पाचर संपली. आणि म्हणूनच राळ किंवा साबण इथे कामाचे नाहीत. ते औषध सपाट पट्ट्याचं. पट्टा बदलला, औषध मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिलं.

गाडीचा इतिहासही असाच दुसऱ्या हाताचा. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या गाड्या जुळवून बाहेर पडू लागल्या, मग फियाट आली. १९५३मध्ये सरकारने ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी इथे राहू नये. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. इटलीतलं फियाट ११०० हे मॉडेल कुर्ल्यात इतकी वर्षं निघत राहिलं की तिकडे ते विसरले. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी प्रेसिडेंट झालं, मग पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसीचं. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २००३च्या ऑक्टोबरमधली. वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. पेपरात फोटो आले, लोक हळहळले. ती काळी-पिवळी पाहून डोळे पुसणाऱ्यांपैकी एकानेही मला कधी सुटा भाग मिळवून दिला नाही, असो.

तर चाचा रिक्षाने आले. आधी त्यांनी उतरवलेला जुना पट्टा मागितला. तो उलटसुलट केला आणि एक कड माझ्यासमोर धरली. ती आरशासारखी चकाकत होती, धागे सुटलेले. दुसरी कड जवळपास नवी. "ढिला असता तर दोन्ही बाजू झिजल्या असत्या," ते म्हणाले. मग इंजिन चालू ठेवून पट्ट्याच्या आतल्या अंगावर पाण्याचे चार थेंब सोडायला लावले. किंचाळी थांबली. दोन-तीन सेकंदांनी परत आली. पाण्याने आवाज वाढला तर पट्टा ढिला, आणि क्षणभर गप्प झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत. हे ते लूमवर शिकले होते, मी नंतर वाचून खात्री केली. बरोबर आहे. (हे करताना शर्टाची बाही आणि बोटं पंख्यापासून लांब ठेवा, कृपया.)

इंजिन बंद केलं. चाचांनी खिशातून कांडी काढली, तिच्यावर थोडं सूत उरलं होतं. क्रँकच्या पुलीच्या खाचेतून पंख्याच्या पुलीच्या खाचेत सूत ताणलं आणि सरळ अल्टरनेटरपर्यंत नेलं. तिथे ते खाचेत न जाता पुलीच्या कडेला अडलं. अल्टरनेटर तीनेक मिलिमीटर मागे बसला होता.

"वॉशर कुठे गेले?" चाचांनी विचारलं.

कुठले वॉशर?

तेव्हा कळलं. या गाडीला मुळात डायनामो होता. १९९४मध्ये वडिलांनी तो काढून अल्टरनेटर बसवला, आणि त्याचा ब्रॅकेट कल्याण नाक्याजवळच्या एका लेथवर चाचांसोबत उभं राहून करवून घेतला. ब्रॅकेट थोडा मागे झाला, म्हणून वडिलांनी दीड-दीड मिलिमीटरचे दोन वॉशर घातले. गेल्या वर्षी बेअरिंग बदलायला अल्टरनेटर उतरवला, तेव्हा ते बहुधा जास्तीचे समजून बाजूला पडले. मी त्या वेळी शेजारीच उभा होतो, चहा पीत.

लूमच्या सामानाचा जुना पत्र्याचा डबा माळ्यावर होता. त्यात तसेच वॉशर निघाले, डझनाने. बोल्टात दोन घातले, नवा पट्टा चढवला, अंगठ्याने दाबून अर्धा इंच लवतो इतका ताणला. चाचांनी पुन्हा सूत धरलं. या वेळी ते तिन्ही खाचांतून सरळ गेलं. हात पुसत ते म्हणाले, "तुझे अब्बा असते तर आधी मला शिव्या दिल्या असत्या, इतका उशीर का केलास म्हणून." शिव्या खरं तर मला मिळायला हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला गाडी लावली आणि भावाला फोन केला. बॉनेटजवळ फोन धरला. तो म्हणाला, "काही ऐकू येत नाहीये, नेटवर्क खराब आहे का?" म्हटलं, नीट ऐक. मागून कोणाचे तरी दोन-तीन माग चालू होते, तेवढे त्याला ऐकू आले.

नोंदणीचा अर्ज भरलाय, दहा हजारांतले पाच त्याने दिले. आता कार्बोरेटर बघायचाय, तो जरा पेट्रोल पितोय. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.