'ईना मीना डीका'ची कुळी

हिंदी सिनेमातलं पहिलं रॉक अँड रोल कोणतं, यावर हवा तेवढा वाद घालावा. पण घराघरांत पोरासोरांच्या तोंडी बसलं ते १९५७च्या 'आशा'मधलं 'ईना मीना डीका'. एकदा किशोरकुमारच्या आवाजात, एकदा आशा भोसलेंच्या. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. त्यांच्या गाण्याची तालीम झाली नागपुरात, शंकरराव सप्रे गुरुजींच्या श्रीराम संगीत विद्यालयात. वसंतराव देशपांडेही तिथलेच. एकाच गुरूच्या हाताखालून 'कट्यार'मधले खाँसाहेबही निघाले आणि हा रॉक अँड रोलवालाही. नागपूरकरांनी थोडी मिजास केली तर चालण्यासारखं आहे.

बिल हेलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ साली ध्वनिमुद्रित झालं आणि पुढच्या वर्षी एका सिनेमामुळे जगभर वाजू लागलं. ती लाट मुंबईला लागली तेव्हा चितळकर तयारच होते. १९४७च्या 'शहनाई'त त्यांनी पाश्चात्त्य ठेका खेळवला होता. 'अलबेला'त बोंगो आणि सॅक्सोफोन घुमवले होते, ट्रंपेटवाल्या चिक चॉकलेटला हाताशी धरून.

गाण्याच्या जन्माची हकिकत अशी सांगतात: संगीताच्या खोलीबाहेर पोरं खेळत होती. राज्य कुणावर, हे ठरवायला आपल्याकडे 'अडम तडम' म्हणतात, तसं त्यांचं इंग्रजी 'ईनी मीनी' चाललं होतं. चितळकरांनी ते उचललं. सहायक जॉन गोम्स गोव्याचे. त्यांनी आपल्या कोकणीतलं 'मला नको' त्यात घुसडून दिलं. मग दोघं यमकाला यमक जोडत सुटले.

गोम्सना नुसते गमतीचे भिडू समजू नये. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत, म्हणून त्या काळी मुंबईच्या वाद्यवृंदांत गोवेकरांचा भरणा होता. सरगमीत विचार करणाऱ्या संगीतकाराची चाल प्रत्येक वादकापुढे कागदावर मांडायची, तर असा माणूस लागे. ब्रासचे ते झटके पेटीवर सुचले, तरी पेटीवर वाजत नाहीत.

गाण्याला अर्थ नाही म्हणून नाकं मुरडणारे तेव्हाही असतील, आजही आहेत. मला मात्र यात नागपूरची तालीम ऐकू येते. तराण्यात तरी अर्थ कुठे असतो? तिथे अक्षर लयीवर बसतंय की नाही, एवढंच बघायचं. या गाण्याच्या मुखड्यातलं एकेक अक्षर ठेक्यावर कसं पडतं ते टाळी देत मोजून पाहा: लांब स्वर कुठे, ठोशाचं व्यंजन कुठे, हे कान तयार असल्याशिवाय जमत नाही. गीतकार म्हणून नाव राजेंद्र कृष्ण यांचं लागलं. गोम्सच्या कोकणीची दखल घ्यायला मात्र ती हकिकतच शोधावी लागते.