नारिंगाची हिवाळी सोय

थंडी पडली की पुणेरी माणूस आधी मफलर शोधतो, मग कानटोपी. कुंडीतल्या झाडाची चौकशी सहसा कुणी करीत नाही. आमच्या लहानपणी डालड्याच्या डब्यातली तुळस डिसेंबरात काळवंडली की आई म्हणायची, "गारठली गं बाई!" आणि डबा भिंतीकडे वीतभर सरकवायची. संपलं आमचं उद्यानशास्त्र!

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला मात्र हे वीतभर सरकवणे पुरेसे वाटले नाही. स्वारीला नारिंगाच्या झाडांचा भारी सोस. आता नारिंग हे मूळचे आपल्या बाजूचे. 'नारंग' हा शब्द फारसी-अरबीतून फिरत फिरत तिकडे गेला आणि फ्रेंचांच्या तोंडी 'ओरांज' झाला. नाव बदलले तरी झाडाला बर्फ काही मानवेना. तेव्हा झाडे लाकडी पेट्यांत लावायची, उन्हाळ्यात बाहेर मिरवायची आणि हिवाळ्यात आत न्यायची, असा रिवाज पडला.

झाडे मिळवण्याची राजेसाहेबांची रीतही राजेशाहीच. त्यांचा अर्थमंत्री निकोला फुके याने १६६१च्या ऑगस्टमध्ये आपल्या नव्या वाड्यात राजाला थाटाची मेजवानी दिली. पाहुणचार जरा जास्तच झाला असावा, कारण सप्टेंबरात फुके कैदेत होता आणि पुढे त्याची नारिंगे व्हर्सायला आली. फुके १६८० साली कैदेतच वारला. झाडांचा मुक्काम सुखाचा झाला.

१६८४ ते १६८६ या काळात मांसार या वास्तुकाराने त्यांच्यासाठी नवे घर बांधले. दीडशे मीटरहून लांब दालन, तेरा मीटर उंच छत, चार-पाच मीटर जाड भिंती. तोंड दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यातले कलते ऊन मोठ्या खिडक्यांतून थेट आत. पाठ टेकडीत आणि डोक्यावर बागेची माती. त्यामुळे आतला पारा पाच अंशांच्या खाली सहसा उतरत नाही. आमच्या चाळीत भाडेकरूंसाठी एवढा विचार कुणी केला नव्हता!

आणि मग १७०९ उजाडले. जानेवारीत असा गारठा पडला, की नद्या गोठल्या, शेतातले गहू जमिनीतच जळाले, दक्षिणेकडची ऑलिव्हची झाडे उभ्या उभ्या मेली. खुद्द राजवाड्यात बाटल्यांतले मद्य गोठले म्हणतात. थंडीमागून दुष्काळ आला, दुष्काळामागून रोगराई. त्या दोन वर्षांत फ्रान्समध्ये सुमारे सहा लाख माणसे गेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांच्या झोपड्यांच्या भिंती चार मीटर जाड नव्हत्या.

तुम्ही म्हणाल, यात झाडांचा काय दोष? काहीच नाही. ती बिचारी न्याल तिथे जाणारी. आजही व्हर्सायला हजारावर पेट्या मेच्या मध्यावर बाहेर निघतात आणि ऑक्टोबरच्या मध्यावर आत परततात. बागेत हिंडणारा कोणीही आता त्यांच्याजवळ उभा राहू शकतो. त्यांतली बरीच नारिंगे कडू जातीची आहेत. फुलांचा वास घ्यावा आणि पुढे चालू लागावे.